विश्लेषण : मुंबईच्या फॅमिली डॉक्टरने प्लेगची पहिली वर्दी कशी दिली? डॉ. व्हिएगस यांच्या अनुभवातून बुलढाण्याने काय घ्यावे?

गावात एखादा आजार नव्याने शिरला, पाण्यामुळे लोक आजारी पडू लागले, की त्याची पहिली चाहूल बहुतेक वेळा जवळच्या फॅमिली डॉक्टरला लागते. सरकारी आकडेवारीत तो आजार दिसेपर्यंत बरेच दिवस गेलेले असतात. पण डॉक्टरने पाहिलेले लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोचवायचे कसे? सुमारे १३० वर्षांपूर्वी मुंबईतील मांडवी भागात दवाखाना चालवणाऱ्या एका गोमंतकीय डॉक्टरने हे करून दाखवले. डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे त्यांचे नाव. मुंबईत प्लेग आला आहे हे महापालिकेच्या बैठकीत उघडपणे सांगणारे ते पहिले. पुढे ते त्याच महापालिकेचे अध्यक्ष झाले.

डॉ. व्हिएगस कोण होते?

डॉ. व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातील बार्देस तालुक्यात हडफडे या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. शिक्षण आणि पोटापाण्यासाठी मुंबईला येणाऱ्या गोमंतकीयांची संख्या मोठी होती. व्हिएगसही त्याच वाटेने मुंबईला आले. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली.

हाताशी पदवी असताना सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा होता. व्हिएगस यांनी मात्र खासगी दवाखाना निवडला आणि तो थाटला मांडवीत. गोदीला लागून असलेला हा भाग म्हणजे धान्याची कोठारे, वखारी, हमालांच्या खोल्या आणि दाट चाळी. एका खोलीत दहा-बारा माणसे राहत. गटारे तुंबलेली असत, उजेड आणि वारा बेताचा. या वस्तीत रोज फिरणाऱ्या डॉक्टरला कोणाच्या घरी काय चालले आहे हे कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा आधी कळत असे.

महापालिकेत ते कशासाठी गेले?

१८८८ च्या कायद्याने मुंबई महापालिकेला नवी घडण मिळाली. ७२ सदस्यांपैकी ३६ जणांना करदाते निवडून देत. उरलेल्या जागा जस्टिस ऑफ द पीस, विद्यापीठ, व्यापारी मंडळ आणि सरकार यांच्यात वाटलेल्या होत्या. मतदानाचा हक्क कर भरणाऱ्यांपुरता होता, त्यामुळे चाळीतल्या गरिबाला मत नव्हते. व्हिएगस यांच्याकडे येणारे अनेक रुग्ण याच बिनमताच्या वर्गातले होते.

प्रत्यक्ष कारभार सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती होता. सदस्यांना आयुक्तावर हुकूम चालवता येत नसे, पण खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. १२ जणांची स्थायी समिती पैशांचे आणि कंत्राटांचे प्रश्न पाहत असे. गटारे, पाणी, कचरा, रुग्णालये या सगळ्यांचा पैसा याच दारातून जात होता. रुग्णाला औषध देऊन घरी पाठवायचे आणि तो त्याच गटाराशेजारी पुन्हा आजारी पडायचा. हे चक्र दवाखान्यात बसून थांबणारे नव्हते. व्हिएगस दवाखाना चालवत राहिले आणि पालिकेचे सदस्यही झाले. प्लेगच्या वर्षी या दोन्ही भूमिका एकमेकींच्या कामी आल्या.

सप्टेंबर १८९६ मध्ये नेमके काय घडले?

त्या पावसाळ्याच्या शेवटी मांडवीत तापाचे रुग्ण वाढले. ताप साधा नव्हता. जांघेत किंवा काखेत गाठ येई, रुग्ण झपाट्याने खंगे आणि काही दिवसांत दगावे. धान्याच्या वखारींत उंदीर मरून पडत असल्याचेही लोक पाहत होते. लोकांच्या तोंडी या रोगाला गाठीचा ताप हे नाव होते, जुन्या वैद्यकीय भाषेत ग्रंथिक सन्निपात.

अलेक्झांडर येरसँ यांनी दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला होता. पण मांडवीच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेला कोणी नव्हता. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. म्हणजे १८९६ च्या सप्टेंबरात व्हिएगस यांच्या हाती होते ते केवळ रुग्णशय्येजवळचे निरीक्षण : ताप, गाठ, मृत्यूचा वेग आणि एकाच वस्तीत एकामागून एक पडणारे रुग्ण. त्यावरून त्यांनी निदान केले. हा गाठींचा प्लेग होता.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी महापालिकेच्या स्थायी समितीच्या बैठकीत त्यांनी हे जाहीर केले.

हे बोलणे इतके अवघड का होते?

मुंबई हे साम्राज्याचे मोठे बंदर होते. बंदरात प्लेग आहे असे जगाला कळले की परदेशी बंदरे जहाजांना विलगीकरणात अडकवत, माल पडून राही, गिरण्यांचा कापूस आणि व्यापाऱ्यांची हुंडी दोन्ही अडत. पुढे झालेही तसेच. १८९७ मध्ये मुंबईहून हजला जाणारी वाहतूक बंद करावी लागली आणि प्लेगसाठी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मांडवी तर व्यापाऱ्यांचीच वस्ती. तिथल्या डॉक्टरने प्लेग हा शब्द उच्चारणे म्हणजे स्वतःच्याच रुग्णांच्या धंद्यावर गदा आणणे होते.

सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांची सुरुवातीची भाषा सावध होती. पगारी अधिकाऱ्याला वरिष्ठांना विचारूनच शब्द निवडावा लागतो. व्हिएगस यांच्यावर ते बंधन नव्हते. त्यांची उपजीविका खासगी दवाखान्यावर होती आणि बोलण्याचा अधिकार त्यांना पालिकेच्या सदस्यत्वाने दिला होता. धोका मात्र सगळा त्यांचा होता. निदान चुकले असते, तर शहराची बदनामी करणारा डॉक्टर म्हणून त्यांचे नाव कायमचे गेले असते.

त्यांनी ही बातमी बाजारात पसरवली नाही. ज्या समितीच्या हातात पैसा होता, तिच्यासमोर त्यांनी ती मांडली. निदानाची खातरजमा करण्याचे काम मग इतर तज्ज्ञांकडे गेले. कॉलऱ्याची लस शोधणारे वाल्देमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. रुग्णांच्या नमुन्यांत प्लेगचा जंतू सापडला. मांडवीच्या डॉक्टरचे निदान बरोबर ठरले.

वर्दी मिळाल्यानंतर सरकारने काय केले?

पुढचा भाग सोपा नाही. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी पालिका कायद्यातील अधिकार वापरून रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याची सूचना काढली. घरे धुणे, चुना मारणे, गटारांत जंतुनाशक ओतणे सुरू झाले. लोकांना सर्वात झोंबली ती माणसे उचलून नेण्याची सक्ती. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी अफवा पसरली. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. सक्ती सैल करावी लागली.

लोक शहर सोडू लागले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या घरात होती. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत त्यातले जवळपास निम्मे लोक शहराबाहेर पडले होते. त्यांच्याबरोबर रोगही बाहेर पडला. कल्याण स्थानकावर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. भुसावळवरून मलकापूर, नांदुरा, शेगावकडे येणारी गाडी याच मार्गावरची. खामगावचा कापूस जलंबच्या फाट्यावरून याच लोहमार्गाने मुंबईला जात असे. पुढे प्लेग वऱ्हाडातही पोहोचला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. मार्चमध्ये मुंबईतील प्लेगचे काम ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या समितीकडे गेले. निवडून आलेल्या पालिकेच्या हातातून हा विषय निघून गेला. पुण्यात सैनिकांकरवी झालेल्या घरझडतीचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर झालेल्या गोळीबारात झाला. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला होता.

डॉक्टरने दिलेली वर्दी खरी असली, तरी तिच्यावरून सरकार कोणता मार्ग धरील हे डॉक्टरच्या हातात राहत नाही. म्हणून वर्दी देऊन बाजूला होणे पुरेसे नसते. व्हिएगस बाजूला झाले नाहीत.

व्हिएगस यांनी पुढे काय केले?

ते रुग्णांच्या घरी जात राहिले. संसर्गाच्या भीतीने अनेकांनी मांडवी सोडली त्या काळात हे जोखमीचे होते. दाट वस्त्यांची सफाई करा, कचरा हलवा, उंदीर मारा, हा आग्रह त्यांनी लावून धरला. उंदीर आणि प्लेग यांचे नाते अजून शास्त्राने पक्के केलेले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात तिचा प्रयोग झाला. लस तयार झाली, पण लोक ती घेईनात. सरकारी माणूस सुई घेऊन येतो म्हटल्यावर दारे बंद होत. इथे ओळखीच्या डॉक्टरचे महत्त्व दिसले. सुमारे १८,००० मुंबईकरांना लस टोचण्याचे श्रेय व्हिएगस यांना दिले जाते. कायद्याने जे साधले नाही, ते घरोघरी ओळख असलेल्या डॉक्टरला साधले.

ते एकटे नव्हते. डॉ. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर यांच्यासारखे भारतीय डॉक्टर याच काळात सार्वजनिक कामात पुढे होते. वेगवेगळ्या ज्ञातींनी आपापली प्लेग रुग्णालये उघडली. आपल्या माणसांच्या हाताखाली, आपल्या रीतीभाती सांभाळून उपचार मिळतात म्हटल्यावर लोक रुग्णाला लपवून ठेवण्याऐवजी तिथे आणू लागले.

त्यातून शहराला काय मिळाले?

१८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे, हवेशीर घरे बांधणे, नव्या वसाहती उभारणे ही तिची कामे. आजचे दादर-माटुंगा त्या नियोजनातून आले. तिच्यावर टीकाही झाली. ट्रस्टने पाडलेल्या घरांतले गरीब लोक शेजारच्या चाळींत शिरले आणि तिथली गर्दी वाढली. परळला १८९९ मध्ये सुरू झालेल्या प्लेग प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले. साथरोग कायदा तर १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, करोनासाठी महाराष्ट्रात पुन्हा वापरला गेला.

प्लेग मात्र लगेच गेला नाही. पुढच्या २५ वर्षांत त्याने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

१९०६ मध्ये व्हिएगस मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. आज ज्याला महापौर म्हणतात तेच हे पद, महापौर हे नाव १९३१ पासून आले. भारतीय ख्रिस्ती समाजातून या पदावर बसणारे ते पहिले मानले जातात. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईत मेट्रो सिनेमाजवळच्या चौकात त्यांचा पुतळा आहे आणि काळबादेवीतील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. पुतळ्याखालून रोज हजारो लोक जातात, पण ते कोण होते हे माहीत असणारे थोडेच.

याचा बुलढाण्याशी काय संबंध?

बुलढाणा जिल्ह्याला अशा वर्दीची गरज अलीकडेही पडली. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातील अनेक गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडत होते. आधी पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे नमुने तपासून रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या जास्त प्रमाणाकडे लक्ष वेधले. त्वचेच्या डॉक्टरकडे आलेली तक्रार अशा रीतीने थेट धान्य पुरवठ्याच्या धोरणापर्यंत गेली.

दुसरा प्रश्न जुना आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला आणि अमरावतीबरोबर बुलढाणा जिल्ह्यातही येतो. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या भागांत भूजल खारट आहे आणि किडनीच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आहेत. गावच्या डॉक्टरला रुग्ण दिसतो. पाणी मात्र आरोग्य खात्याकडे नसून पाणीपुरवठा विभागाकडे असते. मांडवीच्या गटारांसारखेच हे दवाखान्यात न सुटणारे दुखणे आहे.

आज डॉक्टरने कोणाचे दार ठोठवायचे?

पहिले दार जिल्हा आरोग्य यंत्रणेचे. असामान्य रुग्ण दिसले की तालुका आरोग्य अधिकाऱ्याला आणि जिल्ह्याच्या रोग सर्वेक्षण कक्षाला लेखी कळवावे. क्षयरोगासारख्या आजारांत तर २०१२ पासून खासगी डॉक्टरलाही नोंद कळवणे बंधनकारक आहे. लेखी कळवल्याची पोच ठेवली, तर पुढे लोकप्रतिनिधीला कामाचा आधार मिळतो.

गावपातळीवर ग्रामसभा आणि ग्राम आरोग्य समिती आहे, जिल्हा परिषदेत आरोग्य विषय समिती आहे. औषधे, उपकेंद्रे, पाण्याची तपासणी असे प्रश्न इथे सुटू शकतात. निधीचा प्रश्न असेल तर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती महत्त्वाची. स्थायी समितीकडे जे मुंबईत होते, ते जिल्ह्यात बऱ्याच अंशी या समितीकडे आहे : पैसा कुठे जाणार हे ठरवणे.

राज्याचे धोरण बदलायचे असेल तर आमदार. जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत : मलकापूर, बुलढाणा, चिखली, सिंदखेड राजा, मेहकर, खामगाव आणि जळगाव जामोद. आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी सूचना मांडू शकतात, अर्धा तास चर्चा मागू शकतात. विनंती अर्ज समितीकडेही अर्ज देता येतो. अर्थसंकल्पी अधिवेशन साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईत होते आणि हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये नागपूरला. निधी हवा असेल तर अर्थसंकल्पाच्या बऱ्याच आधी आमदारांना भेटायला हवे. अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेले निवेदन बहुधा फाइलमध्येच राहते.

निवेदनात काय असावे?

लोकप्रतिनिधीकडे रोज डझनभर निवेदने येतात. एका पानात मावणारे आणि एकच मागणी असलेले निवेदन वाचले जाते. कोणत्या गावात, किती दिवसांत, कोणत्या वयाचे किती रुग्ण पाहिले, त्यात नेहमीपेक्षा वेगळे काय आहे, हे सरळ लिहावे. रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील कधीही देऊ नये. खात्री असलेली गोष्ट आणि नुसता संशय, या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. मागणी नेमकी असावी : अमुक गावांच्या पाण्याची तपासणी, अमुक केंद्रात डायलिसिसचे यंत्र, अमुक पदाची भरती.

एकट्या डॉक्टरचे पत्र बाजूला पडू शकते. तालुक्यातल्या पाच-सहा डॉक्टरांनी आपापल्या नोंदी एकत्र करून, वैद्यकीय संघटनेमार्फत दिले, तर ते टाळणे कठीण जाते. सरकारी सेवेतील डॉक्टरांवर सेवानियमांची बंधने असतात. त्यामुळे खासगी फॅमिली डॉक्टरची जबाबदारी थोडी अधिक आहे, जशी ती व्हिएगस यांच्यावर होती. एका पक्षाचा शिक्का बसू न देणे हेही तितकेच गरजेचे. तो बसला की दुसऱ्या बाजूचा लोकप्रतिनिधी आजारापेक्षा पत्र देणाऱ्याकडे आधी पाहतो.

व्हिएगस यांच्या चरित्रातली शेवटची गोष्ट वेळेची आहे. प्लेगचे निदान त्यांनी काही दिवसांत जाहीर केले. त्यानंतर पालिकेच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचायला दहा वर्षे गेली आणि त्या सगळ्या काळात त्यांच्यासमोरचे विषय तेच होते : गटार, कचरा, उंदीर, गर्दी. खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचा प्रश्नही एका अधिवेशनात सुटणारा नाही. दरवर्षी नव्या नोंदी घेऊन त्याच दारात पुन्हा जाणारा डॉक्टर त्यासाठी लागेल.